थैली कुणाची, ठराव कुणाचा?

लूकच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाची पहिली तीन वचने सहसा घाईने वाचली जातात. येशू गावोगाव फिरून उपदेश करीत होता आणि बारा शिष्य त्याच्याबरोबर होते, एवढे सांगून लूक काही स्त्रियांची नावे देतो: मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि शिवाय इतर पुष्कळ जणी. या स्त्रिया आपापल्या पैशाअडक्यातून त्या सर्वांचा खर्च भागवीत होत्या, असे तो नोंदवतो. उपदेश आणि चमत्कार यांच्या कथनात मध्येच आलेली ही जमाखर्चाची नोंद आहे. पुढे प्रेषितांच्या काळात यापो गावची टबीथा विधवांसाठी कपडे शिवताना दिसते. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिने आपल्यासह अनेकांना आधार दिला, असे पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना कळवतो. चर्चच्या इतिहासात स्त्रियांचा पैसा आणि स्त्रियांचे कष्ट अगदी पहिल्या पानापासून आहेत. स्त्रियांचे मत मात्र फार उशिरा येते, आणि जिथे आले तिथे ते बहुधा स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळांच्या वाटेनेच आले.

आज जवळजवळ प्रत्येक प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या स्थानिक उपासक-समाजात, एक महिला मंडळ असते. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ते 'वुमेन्स फेलोशिप' या नावाने चालते, अँग्लिकन परंपरेत 'मदर्स युनियन' असते, मेथडिस्टांची आपली वेगळी संघटना असते. ते कशासाठी असते, असे विचारले की उत्तरे ठरलेली मिळतात: प्रार्थना, बायबलचा अभ्यास, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळची तयारी, हंगामाच्या सणाला विक्रीचे पदार्थ. ही कामे खरी आहेत आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांतले प्रत्येक काम स्त्री-पुरुषांना एकत्र करता येण्यासारखे आहे. मग वेगळे मंडळ कशाला? या प्रश्नाला दीडशे वर्षांच्या इतिहासातून मिळणारे उत्तर मला असे दिसते: चर्चमध्ये स्त्रियांनी स्वतः पैसा उभा करावा, तो कुठे जाईल हे स्वतः ठरवावे आणि त्याचा हिशेब स्वतः ठेवावा, अशी एक जागा राखणे हा या मंडळांचा मूळ हेतू आहे. प्रार्थना आणि सेवा यांना तिथूनच बळ मिळते. ती जागा गेली की मंडळ उरते, पण त्याचे काम स्वयंपाकघरापुरते होऊ लागते.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला १८६९ सालचा आहे आणि त्याचा भारताशी थेट संबंध आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बॉस्टनमधल्या ट्रेमाँट स्ट्रीट मेथडिस्ट चर्चमध्ये, भर पावसात, मोजक्याच स्त्रिया जमल्या. त्यांत भारतात काम केलेल्या मिशनऱ्यांच्या दोन बायका होत्या, क्लेमेंटिना बटलर आणि लोइस पार्कर. पडद्याआडच्या बायकांपर्यंत पुरुष मिशनरी पोचू शकत नाहीत, पुरुष डॉक्टर तर मुळीच नाही, आणि मिशनऱ्यांच्या बायकांना घरसंसारातून वेळ काढता येत नाही, हे त्यांनी उत्तर भारतात पाहिले होते. शिकलेल्या, अविवाहित, पगारी स्त्रिया पाठवणे हाच त्यावर उपाय होता आणि चर्चचे पुरुषी मिशनरी बोर्ड त्याला फारसे राजी नव्हते. तेव्हा या बायकांनी स्वतःची संस्था काढली. लगेच चर्चच्या मिशनरी सोसायटीच्या चिटणिसांकडून सूचना आली की स्त्रियांनी पैसा जरूर गोळा करावा, मात्र तो मुख्य बोर्डाच्या हवाली करावा आणि विनियोग बोर्डावर सोडावा. बायकांनी ही सूचना मानली नाही. १८७२ साली चर्चच्या सर्वोच्च सभेने संस्थेला मान्यता दिली तेव्हा अट घातली की मुख्य सोसायटीच्या उत्पन्नाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी सार्वजनिक सभांमध्ये वर्गणी गोळा करायची नाही. मग उरली ती घरखर्चातून वाचवलेली आठवड्याला दोन सेंटची वर्गणी, वर्षाला सुमारे एक डॉलर. अडवणुकीसाठी घातलेली ही अटच संस्थेचे सामर्थ्य ठरली. मोठ्या देणगीदारांवर अवलंबून नसल्यामुळे ती गावोगावच्या हजारो लहान गटांत पसरली, आणि प्रत्येक गटाला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार लागत. जिने आयुष्यात कधी सभा चालवली नव्हती, ठराव लिहिला नव्हता, वही बंद करून शिल्लक जुळवली नव्हती, तिला हे सगळे शिकावे लागले. हे शिक्षण त्या काळी बहुतेक बायकांना दुसरीकडे कुठेच मिळत नव्हते.

या दोन सेंटांतून काय उभे राहिले, ते आपल्याच देशात आहे. संस्था स्थापन झाली त्याच वर्षाच्या अखेरीस इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लॅरा स्वेन या दोघी बोटीत बसल्या आणि जानेवारी १८७० मध्ये भारतात पोचल्या. थोबर्नबाईंनी त्याच एप्रिलमध्ये लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींची शाळा सुरू केली. तिचे पुढे कॉलेज झाले आणि आज ते त्यांच्याच नावाने चालते. स्वेनबाईंना रामपूरच्या नबाबाने बरेलीत जागा दिली आणि १८७४ साली तिथे स्त्रियांचे रुग्णालय उघडले. आशियातले स्त्रियांसाठीचे ते पहिले रुग्णालय मानले जाते. थोबर्नबाईंना पाठवण्याचा खर्च झेपेल का, यावर बॉस्टनच्या बैठकीत चर्चा झाली होती; तिथल्या बायकांनी स्वतःच्या कपड्यालत्त्यावरचा खर्च कमी करण्याची तयारी दाखवून तो मंजूर केला. हा निर्णय पुरुषांच्या बोर्डासमोर गेला असता तर काय झाले असते, याचा अंदाज त्या बोर्डाच्या आधीच्या पन्नास वर्षांच्या कारभारावरून करता येतो.

मराठी मुलखातला अनुभवही हेच सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आणि १८३९ मध्ये अहमदनगरला आल्या. १८६२ साली मृत्यू येईपर्यंत त्या मुलींच्या शिक्षणातच होत्या. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी नगरची त्यांची शाळा पाहिली होती आणि पुढे तसे सांगितलेही. एवढ्या दूरगामी कामाच्या मागे स्त्रियांची एकही संघटना नव्हती. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा अविवाहित स्त्रिया पाठवण्याकडे ओढा नव्हता, त्यामुळे फरारबाई दीर्घकाळ अपवादच राहिल्या. हे चित्र पालटले ते १८६८ साली बॉस्टन आणि शिकागो इथे काँग्रिगेशनल स्त्रियांची मिशनरी बोर्डे निघाल्यावर. त्यानंतर शिक्षिका आणि डॉक्टर स्त्रिया पश्चिम भारतात येत राहिल्या, आणि गावोगाव घरात शिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या 'बायबल वुमन' म्हणजे मराठी ख्रिस्ती स्त्रियांना वेतन मिळू लागले. समुद्रापलीकडच्या एखाद्या छोट्या गावातला गट इथल्या एकेका बायबल वुमनचा खर्च उचलत असे. अंगावरच्या लुगड्यानिशी, काखोटीला पुस्तक घेऊन उन्हातान्हात फिरणाऱ्या या बायांचा इतिहास आपण नीट लिहिलेला नाही. मराठी स्त्रीशिक्षणाच्या कथेत त्यांना एक प्रकरण मिळायला हवे, तळटीप नव्हे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तर दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून पाहता येतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींकडे असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे अशी योजना निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या लोकांना ते रुचणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या देशाला काय रुचेल हे आपल्यालाच जास्त कळते आणि आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या स्वाधीन केलेली नाही, अशा आशयाची रमाबाईंची उत्तरे त्यांच्या पत्रव्यवहारात आहेत. इथे चर्चची उतरंड होती आणि रमाबाईंच्या बाजूने बोलणारी कुठलीही संघटित स्त्रीशक्ती त्या उतरंडीत नव्हती. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांना भेटल्या त्या दारूबंदीसाठी झटणाऱ्या, मिशनरी मंडळे चालवणाऱ्या, सभेला सरावलेल्या बायका. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि गावोगावच्या 'रमाबाई सर्कल्स'नी दहा वर्षे दरसाल पैसे देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये उठलेल्या वादळात पुण्या-मुंबईच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, तरी शारदा सदन टिकले, कारण त्याची मुळे त्या सर्कल्समध्ये होती. रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती सदनात नंतर दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली शेती, विणकाम, छपाई करू लागल्या आणि रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापला गेला.

आता उलट बाजूचा पुरावा पाहू. माझ्या म्हणण्याचा खरा आधार तोच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एकेका चर्चने ठरवले की स्त्रियांची वेगळी बोर्डे ही दुहेरी व्यवस्था आहे, ती मुख्य बोर्डात विलीन करावी. कारण दिले गेले काटकसरीचे आणि एकीचे. दक्षिणेकडच्या मेथडिस्ट चर्चने १९१० साली हे केले. विलीन झालेल्या बोर्डावर स्त्रियांना जागा मिळाल्या, पण त्या अल्पमतात. तोवर तिथल्या बहुसंख्य स्त्रियांनी चर्चच्या सर्वोच्च सभेत मताधिकार मागितला नव्हता. आपली तिजोरी आपल्याकडे असताना त्याची निकड त्यांना वाटली नव्हती. तिजोरी गेली तेव्हा बेल हॅरिस बेनेट यांच्या पुढाकाराने मागणी झाली. १९१० आणि १९१४ मध्ये ती फेटाळली गेली, १९१८ मध्ये मंजूर झाली, १९२२ मध्ये स्त्री-प्रतिनिधी त्या सभेत पहिल्यांदा बसल्या आणि त्याच वर्षी बेनेट वारल्या. गमावल्यावर आठ वर्षांत हक्क मिळवण्याइतकी संघटना त्यांच्याकडे होती, कारण त्याआधीची तीस वर्षे त्यांनी मंडळे चालवली होती. जिथे असा पाया नसतो तिथे गमावलेले सहसा परत मिळत नाही.

प्रेस्बिटेरियनांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी या भागातले मिशनरी काम त्याच चर्चचे. १९२३ साली पुनर्रचनेत त्यांची स्त्रियांची बोर्डे मुख्य बोर्डांत मिसळली गेली. ठराव करणाऱ्या सभेत एकही स्त्री मतदार नव्हती, कारण 'वडील' (एल्डर), म्हणजे मंडळीचे कारभारी पंच, म्हणून किंवा पाळक म्हणून दीक्षा फक्त पुरुषांना होती. स्त्रियांमध्ये इतकी नाराजी पसरली की चर्चलाच तिची कारणे शोधावी लागली. १९२७ मध्ये कॅथरिन बेनेट आणि मार्गारेट हॉज यांनी स्त्रियांमधल्या अस्वस्थतेच्या कारणांविषयी अहवाल दिला. आम्ही उभारलेले, आम्हाला न विचारता मोडले, हा सल त्यात होता. पण त्याहून पुढे जाऊन चर्चमध्ये स्त्रीला स्थान काय, हा मूळ प्रश्नही होता. १९३० मध्ये स्त्रियांना 'वडील' होण्याची परवानगी मिळाली. पाळकदीक्षेसाठी १९५६ उजाडावे लागले. हाच क्रम काँग्रिगेशनल स्त्रियांच्या बोर्डाच्या वाट्याला १९२७ च्या विलीनीकरणाने आला. आणि याच दशकाच्या तोंडाशी, १९२० ते १९२३ या काळात, ल्यूसी पीबडी आणि हेलन बॅरेट माँटगोमेरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या चर्चच्या स्त्रियांनी एकत्र येऊन आशियातल्या स्त्रियांच्या सात महाविद्यालयांसाठी तीस लाख डॉलरच्या आसपास निधी उभा केला. लखनौचे इझाबेला थोबर्न, मद्रासचे विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि वेल्लोरचे वैद्यकीय विद्यालय त्यांत होते. कार्यक्षमतेच्या नावाखाली ज्यांची बोर्डे बंद होत होती, त्यांच्या कार्यक्षमतेचा हा दाखला होता. माँटगोमेरी यांनी १९१० मध्येच आपल्या पुस्तकात विचारले होते की एकत्र बोर्डात पुरुष खरोखर बरोबरीने वागतील का. उत्तर पुढच्या वीस वर्षांनी दिले.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. चर्च ही प्रार्थनेची जागा आहे. पैसा आणि ठराव यांवर स्त्रियांच्या मंडळांचा हेतू तोलणे म्हणजे त्यांना संस्थांच्या राजकारणात ओढणे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो बहुधा प्रामाणिक बायकांकडूनच येतो. पण पुरुषांच्या पंचमंडळींना हाच प्रश्न कुणी विचारत नाही. मंडळीचे बजेट पाळक आणि पंच ठरवतात तेव्हा त्यांची प्रार्थना कमी पवित्र झाली, असे कुणी म्हणत नाही. बॉस्टनच्या बायकांची वर्गणी ही एकाच वेळी प्रार्थनेची आणि पैशाची शिस्त होती. ज्या कामासाठी प्रार्थना करायची त्याची माहिती हवी, आणि माहिती हवी म्हणून त्यांनी मासिक काढले, नकाशे लावले, परदेशांचा अभ्यास केला. प्रार्थना डोळस झाली ती पैशाचा मार्ग कळल्यामुळे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. वेगळे मंडळ हा स्त्रियांना मुख्य निर्णयांपासून दूर ठेवण्याचा सोयीचा मार्ग आहे, त्यांना त्यांचा कोपरा द्या आणि बाकीचे घर आपल्याकडे ठेवा. हा आक्षेप निम्मा खरा आहे. १८७६ साली इंग्लंडमधल्या ओल्ड ऑल्रेसफर्ड गावी मेरी समनर यांनी सुरू केलेल्या मदर्स युनियनने मातृत्व आणि विवाह यांभोवती सदस्यत्वाची इतकी घट्ट चौकट आखली की घटस्फोटित स्त्रियांना १९७० च्या दशकापर्यंत बाहेरच राहावे लागले. आज तिचे सुमारे ४० लाख सदस्य आहेत आणि कौटुंबिक हिंसा, साक्षरता, बचतगट यांत तिचे काम मोठे आहे. पण त्या जुन्या चौकटीत सर्वांत जास्त आधाराची गरज असलेल्या बाईलाच दार बंद होते, हे नाकारता येत नाही. मिझोरमची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९१० पासून तिथल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी चुलीवर तांदूळ चढवण्याआधी बाई एक मूठ बाजूला काढते. चर्चच्या महिला मंडळाच्या स्त्रिया तो तांदूळ गोळा करतात, विकतात आणि त्यातून मिशनरी कामाला मोठा आधार मिळतो. इतकी शिस्तबद्ध, इतकी दीर्घकाळ चाललेली स्त्रियांची वर्गणी जगात क्वचितच असेल. तरीही तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक आणि वडील या निर्णयाच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडेच राहिल्या. बॉस्टनच्या दोन सेंटांमध्ये आणि मिझो मुठीमध्ये कष्टाचा फरक नाही. फरक एवढाच की एका ठिकाणी जमा करणाऱ्यांनीच खर्च ठरवला आणि दुसऱ्या ठिकाणी जमा झालेला पैसा दुसऱ्यांच्या ठरावाने वाटला जातो. म्हणून माझे उत्तर असे: वेगळेपणा पुरेसा नाही हे मान्य, पण वेगळेपणा सोडल्याने बरोबरी मिळते हे १९१० आणि १९२३ च्या अनुभवाने खोटे ठरवले आहे.

हा सगळा सुखवस्तू गोऱ्या बायकांचा उद्योग होता, असेही म्हटले जाते. त्यांच्या लेखनातल्या 'बिचाऱ्या हिंदू बायका' वाचताना आजही संताप येतो, आणि रमाबाईंनीही पाश्चात्त्यांच्या वरचढपणाला वेळोवेळी उत्तर दिले आहे. पण मंडळाचे साधन एकदा हाती आल्यावर ते कुणाच्या ताब्यात जाईल हे देणाऱ्याला ठरवता आले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मेथडिस्ट काळ्या स्त्रियांची प्रार्थनामंडळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिली. लाल पोलके, काळा घागरा आणि पांढरी टोपी घालून त्या गुरुवारी दुपारी जमत, कारण गोऱ्यांच्या घरी घरकाम करणाऱ्या बायकांना सुट्टी मिळे ती बहुधा त्या दुपारीच. तिथे त्या मोठ्याने प्रार्थना करत, घरी मुलांना सोडून यावे लागण्याचे दुःख सांगत, मयताला पैसे जमवत आणि चर्चच्या इमारतींसाठी वर्गणी काढत. वर्णभेदाच्या राज्यात ज्यांना कुठलेच मत नव्हते, त्यांची ही एक सभा त्यांच्या ताब्यात होती.

मग उरतो आजचा आक्षेप. आता स्त्रिया पाळक होतात. २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याल प्रांतात एग्गोनी पुष्पललिता या बिशपही झाल्या. दारे उघडल्यावर वेगळ्या मंडळाची गरज काय? पण दोन डझनांच्या आसपास बिशपप्रांत असलेल्या चर्चमध्ये एक स्त्री बिशप होणे ही सुरुवात आहे, आणि पाळक होणाऱ्या मोजक्या स्त्रियांपेक्षा बाकावर बसणाऱ्या स्त्रिया कितीतरी जास्त आहेत. १९५६ पासून स्त्रियांना संपूर्ण पाळकहक्क देणाऱ्या अमेरिकन मेथडिस्ट परंपरेतल्या स्त्रियांनी २०१२ मध्ये आपली संघटना मिशनरी बोर्डाच्या रचनेतून पुन्हा स्वतंत्र करून घेतली. दीक्षा मिळूनही त्यांनी आपली तिजोरी वेगळी ठेवली.

आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये या चर्चेचा अर्थ अगदी साधा आणि तपासता येण्याजोगा आहे. महिला मंडळाचे बँकखाते मंडळाच्या नावे असावे आणि धनादेशावर मंडळाच्याच दोन पदाधिकारी स्त्रियांच्या सह्या असाव्यात. अर्पणाच्या थैलीतला पैसा कशाला जाईल याचा ठराव मंडळाच्या सभेत मतदानाने व्हावा, पाळकांच्या सूचनेने नव्हे. मंडळाच्या अध्यक्षेला पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, पाहुणी म्हणून नव्हे तर मतदार म्हणून जागा हवी, आणि मंडळ बरखास्त करण्याचा किंवा त्याचा निधी मुख्य खात्यात वळवण्याचा ठराव मंडळाच्या स्वतःच्या बहुमताशिवाय वैध धरला जाऊ नये. घटनादुरुस्तीचा मसुदा लिहायला यातली चार वाक्ये पुरतात. १९२३ च्या प्रेस्बिटेरियन स्त्रियांकडे यातले शेवटचे वाक्य नव्हते.